लाल नाक आणि खपलीची खीर

तमाम कुस्तीशौकीन, पंच, वस्ताद, पैलवान मंडळी आणि बाभळीवर बसून फुकट मैदान बघणारे मान्यवर, सर्वांनी कृपया शांत बसून घ्यावं. एक अत्यंत गंभीर घोषणा होत आहे. प्रस्तुत लेखकाचं नाक लाल आहे. ते गेली काही वर्षं लाल आहे, आज सकाळीही लाल होतं आणि उद्याही लालच उगवण्याची दाट शक्यता आहे. या नाकाचा दारूशी काडीचाही संबंध नाही. संबंध असलाच तर तो पोटाशी आहे. घोषणा समाप्त. हलगीवाल्यांनी वाजवायला हरकत नाही.

ही घोषणा मी नाक लाल झालं तेव्हाच माईकवरून करायला हवी होती, असं मित्र म्हणतात. पण ज्याच्याबद्दल लोकांना शंका आहे त्यानेच माईक धरून "मी पीत नाही" म्हटलं, की उरलेल्यांनाही शंका यायला लागते. म्हणून आता लिहून सांगतो. कुठल्या तरी गावात असंच लाल नाक आणि असंच बिघडलेलं पोट घेऊन कुणी तरी एकटं बसलं असेल, आणि त्याला वाटत असेल की ही दोन वेगवेगळी संकटं आहेत. हे मुख्यतः त्याच्यासाठी.

दोन गावांतला संसार

मी सांगलीशेजारच्या माधवनगरच्या एका कापड गिरणीत टाइम ऑफिसला होतो. कामगार वेळेवर आत आले की नाही ते बघायचं, एवढंच काम. ते पोटासाठी. जिवासाठी मात्र माईक होता. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात जत्रेची कुस्तीची मैदानं भरतात, तिथे मी निवेदन करायचो. कोण कुणाशी लढतोय, कुणी पट काढला, कोण चितपट झाला, कुणाच्या मामाने फेटा बांधायचा, सगळं माझ्या तोंडून. दोन तगडे गडी नुसतेच एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे असले तरी मी लोकांना श्वास रोखून बसवू शकत असे. हा गर्व आहे, पण खरा आहे.

बायको नलिनी साताऱ्याला शाळेत शिक्षिका. तिची आई लवकर गेलेली, म्हणून ती वडिलांच्याच घरी राहायची. वडील निवृत्त सुभेदार, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आम्हाला मूलबाळ नाही. म्हणजे संसारात माणसं दोन, आणि तीही दोन गावांत. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की एखादं मैदान करून मी एसटीत बसायचो. इस्लामपूर, कराड, उंब्रज, सातारा. नलिनी दारातच विचारायची, "आज कोण जिंकलं?" मग मी जेवता जेवता अख्खं मैदान ताटाभोवती उभं करायचो. ती हसता हसता वाढायची विसरायची. असा संसार, लांबचा पण झकास.

नाक

एका उन्हाळ्यात नाक लाल झालं. आधी वाटलं ऊन लागलं. मग गरम चहाने व्हायला लागलं, मिरचीच्या ठेच्याने व्हायला लागलं, कुणी जरा वरच्या आवाजात बोललं तरी व्हायला लागलं. आतून कुणी तरी बटण दाबावं तसा चेहरा भाजून निघायचा. मग गालही आले सोबतीला. त्यावर बारीक पुटकुळ्या, आणि डोळ्यांत सदा वाळू गेल्यासारखी खुपखुप.

गिरणीच्या दारात गंमत सुरू झाली. "साहेब, रंगपंचमी होऊन महिना झाला की." मीही त्यात सामील. सांगायचो, मारुतीला शेंदूर लावताना देवाने ऐन वेळी हात झटकला, त्यातला आमच्या वाट्याला आला. लोक हसले की मला बरं वाटायचं. हसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायला सवड नसते.

सांगलीच्या चामडीच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, रोझेशिया. मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "ऊन टाळा, गरम टाळा, तिखट टाळा, चिडणं टाळा."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी सांगलीतच राहायचं ना?"

ते हसले नाहीत. माझं पोट कसं आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नाक दाखवायला गेलेला माणूस पोट कशाला बाहेर काढेल?

पोट

आता या आजाराबद्दल लिहायचं तर संडासाबद्दल लिहावं लागतं. ज्यांना नको असेल त्यांनी हा भाग सोडावा. ज्यांना हा आजार आहे ते सोडणार नाहीत, मला ठाऊक आहे.

जेवण झालं की पोट ढोलासारखं फुगायचं आणि मग पळापळ. दिवसातून किती वेळा ते मी मोजायचं सोडून दिलं. अंगावरचं मांस उतरत गेलं. तोंड आलेलं असायचं. सदरा खांद्यावरून घरंगळायला लागला. आणि एसटीत संडास नसतो, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळली. सांगली ते सातारा हा रस्ता लोकांना उसाचा, नदीचा, गुळाचा म्हणून माहीत असेल. मला तो आडोशांचा म्हणून पाठ झाला. एकदा कराडच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली, परत येईपर्यंत अख्खी गाडी खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. मी पायरीवर उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणालो, "मंडळी, मध्यंतर संपलं." गाडी हसली. मी जागेवर बसलो आणि साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढच्या शनिवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

उसातून बाहेर

त्याच हंगामात मिरजेच्या बाजूच्या एका गावात मैदान होतं. मुख्य जोड लागली, लोक उभे राहिले, हलगी तापली आणि नेमकं माझ्या पोटाने आवाज दिला. मी माईक शेजारच्या पंचाच्या हातात कोंबला आणि समोरच्या उसात शिरलो. मी उसात असतानाच कुस्ती निकाली झाली. निवेदनाविना. पंचाने माईकवर एवढंच म्हटलं म्हणे, "पडला."

मी बाहेर आलो तेव्हा माझ्याच दोन्ही बाजूंनी उसातून आणखी चार-पाच जण बाहेर पडत होते. त्यांचं उसात काय काम होतं ते त्यांच्या खिशांतल्या बाटल्यांवरून कळत होतं. आम्ही सगळे एकाच रांगेत, एकाच वाटेने, आणि त्यात सर्वांत लाल तोंड माझं.

बापू वस्ताद ही मैदानं भरवायचे. माझ्यावर त्यांचा जीव होता. ते जवळ आले. "अण्णा, कुटं गेलता?"

"पोट बिघडलंय, बापू."

"व्हय," ते म्हणाले. "त्या उसात आज लय जणांचं पोट बिघडलंय."

पुढच्या जत्रेआधी ते सायकलवरून माझ्या खोलीवर आले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "गावकी म्हंती, ह्या वर्साला दुसरा निवेदक बघू. तुमी जरा कमी करा. मग तुमीच हाय की."

"काय कमी करू?"

"आता ते मी सांगू व्हय, आवं?"

मी पीत नाही, असं त्यांना शपथेवर सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मान हलवली. आजारी माणसाची समजूत काढताना हलवतात तशी.

सुभेदारांची परीक्षा

नलिनीला एक थोरला भाऊ होता, नाना. फौजेतून परत आला आणि पिण्यात गेला. आधी त्याचं नाक लाल झालं, मग पोट गेलं, मग पाय सुजले, मग नाना गेला. हे सगळं तिने जवळून बघितलं होतं. तेव्हा त्या घरात माझं नाक घेऊन मी शिरलो, की तिथे काय व्हायचं याची कल्पना करा.

कसाबसा एकदा साताऱ्याला पोचलो. नलिनीने दार उघडलं. "आज कोण जिंकलं" विचारलं नाही. माझ्याकडे बघून ती एकदम आत गेली. आबा झोपाळ्यावर होते.

"पावनं, मी फौजेत हुतो," ते म्हणाले. "मला नाक वाचता येतंय."

"आबा, मी घेत नाही."

"नाना बी असंच म्हनायचा. तोंडावर सॅल्यूट, पाठीमागं क्वार्टर." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "बरं. पोटाचंच म्हनता ना? मग खपली खायाची. थंड असती. महिन्याभरात कसलं बी पोट बांधती. न्हाई बांधलं तर आत दुसरंच काय तरी जातंय, असा रिपोर्ट समजायचा."

खपली ही आमच्या भागातली गव्हाची जुनी जात. ती भिजवून, कांडून, गूळ-खोबरं घालून खीर करतात. बाळंतिणीला खपली, मधुमेहाला खपली, तापातून उठलेल्याला खपली. खपलीने कुणाचं वाईट झालं असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. देवावर अविश्वास दाखवणारी माणसं भेटतील, खपलीवर नाही.

नलिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी करून पाठवत जाईन. पण सगळी खायची. आणि दुसरं काही घ्यायचं नाही." मग तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "शब्द द्या."

मी शब्द दिला. तो मी पाळला, अक्षरशः, चमच्या-चमच्याने.

डबा

दर रविवारी साताऱ्याहून सुटणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे नलिनी एक उभा स्टीलचा डबा द्यायची, झाकणावर फडकं बांधून. संध्याकाळी मी सांगली स्टँडवर तो घ्यायचो. रिकामं भांडं परत पाठवू नये, म्हणून धुऊन त्यात काही तरी घालून परतीच्या गाडीला द्यायचो. कधी भडंग, कधी बेदाणे, कधी शेंगा. आमचं बोलणं म्हणजे हा डबा. खिरीत वेलदोडा जास्त असला की मला वाटायचं, या आठवड्यात ती जरा निवळलीय. नुसती गुळमट असली की वाटायचं, आबा काही तरी बोलले असणार.

मी ती खीर खोलीत दार लावून खायचो. माधवनगरची ती खोली गिरणीच्या भिंतीला लागून होती. पाळी बदलली की भोंगा व्हायचा, माणसांचा लोंढा दारावरून जायचा आणि मग पुढच्या भोंग्यापर्यंत कुणी नाही. जत्रा दुसऱ्या निवेदकाकडे गेल्या होत्या. शनिवार यायचा आणि तसाच बसून राहायचा, मला कुठे नेत नसे. एकदा मी खिरीच्या वाटीसमोर बसून चमच्याचं आणि वाटीचं कुस्तीनिवेदन केलं, मोठ्या आवाजात, फेटे-बिटे बांधून. चमचा जिंकला. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, तेव्हा मी वाजवल्या, आणि त्या खोलीत त्या इतक्या विचित्र वाजल्या की पुन्हा कधी तो प्रयोग केला नाही.

पोट खपलीने बांधलं नाही. उलट अधिकच सुटलं. मी आणखी पथ्य वाढवलं. खानावळीच्या मावशी ज्वारीची भाकरी द्यायच्या. ती जड पडते म्हणून बंद करायला लावली आणि मऊ पोळी मागून घेतली. सकाळी टोस्ट, दुपारी पोळी, संध्याकाळी रव्याची पेज, आणि वर खीर. सगळं हलकं. मी इतका शहाण्यासारखा वागत होतो की पाय सुजले.

त्या दिवसांत बरं वाटावं असं एकच घडलं. चौकातल्या न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. त्याने साबण लावता लावता हात थांबवला आणि विचारलं, "दुखतंय का हो हे?" बाकी झाडून सगळ्यांनी नाक लाल का आहे ते विचारलं होतं. दुखतं का, हे त्याने विचारलं. मी म्हटलं, "जळतं थोडं." मग त्याने गालावरून वस्तरा असा चालवला, जसा सशाच्या कानावरून बोट फिरवावं. मला त्या खुर्चीतून उठावंसं वाटेना.

टेलिफोन

पायांचं नलिनीला सांगावं म्हणून मी एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या त्या खोक्यात उभं राहिलं की बाहेरच्या रांगेला तुमचं तोंड दिसतं, म्हणून मी पाठ करून बोललो.

"खीर खाल्लीत?"

"खाल्ली."

"सगळी?"

"सगळी. बोटाने पुसून."

"मग?"

"मग तसंच आहे. आता पाय सुजलेत जरा."

पलीकडून हळूच, "पाय?"

"थोडेसेच. संध्याकाळी जास्त."

"अहो, नानाचे पण संध्याकाळीच..." तिने वाक्य सोडून दिलं. "खपली खाऊन पोट थांबत नाही, असं होत नाही हो. मी तुम्हाला काही बोलत नाही. पण मला दुसऱ्यांदा ते सगळं बघायचं नाही. तुम्ही एवढ्यात इकडे येऊ नका."

"आणि डबा?"

"डबा पाठवीन," ती म्हणाली. "तेवढं करीन."

मी फोन ठेवला आणि वळलो. रांगेतल्या माणसाने माझा चेहरा बघितला, मग नाक, आणि बाजूला सरकून वाट दिली. वास येऊ नये म्हणून.

मिरज

काही आठवड्यांनी एका सोमवारी टाइम ऑफिसात खुर्चीवरून उठलो आणि जमिनीवर भेटलो. गिरणीतल्या लोकांनी मिरजेच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. साताऱ्याला कळवू नका असं मीच त्यांना सांगितलं. येऊ नका म्हणणाऱ्या माणसाला या म्हणायचं कसं?

वॉर्डात जो डॉक्टर यायचा तो पहिल्यांदा नाक बघायचा.

"किती घेता?"

"घेत नाही."

"बरं. घेत होतात तेव्हा किती घेत होतात?"

सकाळी दूध-पाव, दुपारी वरणभात आणि दोन पोळ्या, संध्याकाळी पुन्हा पाव. मी आज्ञाधारकपणे खात होतो आणि पाळीने धावत होतो. बाजूच्या खाटेवर लोणंदचे एक म्हातारे शेतकरी होते, पित्ताशयाचे. भेटीची वेळ झाली की त्यांच्याभोवती सुना, नातू, चुलते, शेजारी, सगळी वरात. मला कुणी नाही. तेव्हा मी त्यांच्याच पाहुण्यांचं निवेदन करायला लागलो. "आणि आता दारातून प्रवेश करीत आहेत थोरल्या सूनबाई, हातात मोसंबी, चेहऱ्यावर निर्धार." वॉर्ड खदखदायचा. म्हातारे पोट धरून म्हणायचे, "आवं थांबा, टाका उसवतोय." मग घंटा व्हायची, पाहुणे जायचे आणि त्यांच्या खाटेखाली सालींचा ढीग राहायचा. माझ्या खाटेखाली चपला.

एका सकाळी वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या. कमी बोलणाऱ्या. त्यांनी नखं बघितली, जीभ बघितली, डोळ्यांची पापणी खाली ओढली. नाकाकडे बघून म्हणाल्या, "हे रोझेशिया. कुणी सांगितलं असेल." मग विचारलं, "काय खाता?"

मी उठून बसलो. तोपर्यंत सगळ्यांनी 'किती पिता' विचारलं होतं.

मी सगळं सांगितलं. टोस्ट, पोळी, पेज, खीर. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "दुर्बिणीने आतडं बघू." ती नळी घशातून खाली उतरली, आणि तोंड सताड उघडं असूनही एक शब्द बोलता येत नाही, अशी वेळ माझ्यावर जन्मात पहिल्यांदा आली. आतड्याचा कणभर तुकडा पुण्याला तपासायला गेला. उत्तर येईपर्यंत दूध-पाव चालू.

उत्तर आलं ते पुढच्याच सोमवारी सकाळी. बाई खाटेच्या कडेला बसल्या. "तुम्हाला गहू चालत नाही," त्या म्हणाल्या. "गहू पोटात गेला की तुमचं आतडं स्वतःलाच खरवडून घेतं. गहू सोडा, आतडं भरून येईल. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, काहीही खा."

मी विचारलं, "आणि नाक?"

"नाकाचं आणि आतड्याचं काही तरी नातं असावं. एकाच माणसात दोन्ही पुष्कळदा दिसतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही. गहू सोडल्यावर नाक निवळेल कदाचित. नाहीही निवळणार. वचन देत नाही."

त्या गेल्यावर मला फार आनंद झाला आणि तो सांगायला कुणी सापडेना. लोणंदच्या म्हाताऱ्यांना सांगितलं.

"गहू?" ते म्हणाले. "मग खायाचं काय?"

"भाकरी."

"मग आजार कुटला हाय ह्यो," असं म्हणून ते कुशीवर वळले.

मी पडून छताकडे बघत राहिलो. खीर आठवली. इतके दिवस त्या डब्याच्या आधारावर काढले होते, आणि तो डबाच. हे नलिनीला कसं सांगायचं? आणि सांगावं तरी का? पीत होतो, आता सोडली, असं सांगितलं तर तिचं तिला पटेल, आबांचा रिपोर्ट खरा ठरेल, आणि तिच्या खिरीला बोल लागणार नाही. मी सकाळभर हा विचार अगदी मनापासून करत होतो. एकटं फार दिवस राहिलं की असले विचार शहाणपणाचे वाटायला लागतात.

ज्यांना हे झालंय त्यांच्यासाठी

मध्येच आजचं सांगून टाकतो, म्हणजे काळजी नको. आता बरा आहे. मांस चढलं, पाय उतरले, सदरे पुन्हा आवळ व्हायला लागले. नाक निम्मं निवळलं. उरलेलं निम्मं उन्हात आणि गरम चहाला पेटतं, तेव्हा चहा गार करून पितो आणि टोपी घालतो. गहू कुठे कुठे लपून बसतो ते शोधणं हा माझा छंद आहे. बांधणीच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं. सत्यनारायणाचा शिरा कपाळाला लावायचा आणि शेजाऱ्याच्या हातावर द्यायचा, देव समजून घेतो, यजमानीण घेत नाही. ज्याचं नाक लाल आणि पोट सदा बिघडलेलं असेल त्याने दोन डॉक्टरांना दोन अवयव दाखवू नयेत. एकालाच दोन्ही दाखवावेत. मी दाखवले असते तर बराच एकटेपणा वाचला असता. आणि घरी कुणी आजारी असेल तर हलकं म्हणून जे देताय तेच डॉक्टरांना विचारून एकदा बंद करून बघा.

बापू वस्तादांनी पुढच्याच्या पुढच्या जत्रेला बोलावलं. माईक हातात दिला आणि कानात म्हणाले, "ऊस तोडून ठेवलाय." चांगला माणूस.

सोमवार दुपार

राहिली ती त्या सोमवारची दुपार.

आदल्या दिवशी, रविवारी, डबा नेहमीप्रमाणे सांगलीला आला होता आणि घ्यायला कुणीच नव्हतं. कंडक्टरने तो तसाच भरलेला परत साताऱ्याला नेऊन नलिनीच्या हातात दिला. परत आलेल्या डब्यात भडंग नाही, बेदाणे नाहीत, तिचीच खीर. तिने आबांना विचारलं नाही, शाळेत कळवलं नाही. पहाटेची गाडी धरली, माधवनगरला खोलीला कुलूप बघितलं, गिरणीत चौकशी केली आणि तिथून मिरजेला आली.

मी खाटेवरून दाराकडे बघत होतो. भेटीची वेळ झाली होती. लोणंदकरांची वरात आत शिरली आणि तिच्या मागून नलिनी, हातात डबा. मी निवेदन करायचं विसरलो.

ती खाटेशी येऊन उभी राहिली. माझे हात बघितले, पाय बघितले. "इतके वाळलात," ती म्हणाली. आणि मग, "डॉक्टर कुठेत? मला त्यांच्याशी बोलायचंय. तुमच्यासमोरच."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. बाहेर दोन्ही बाकांवर पेशंट खच्चून बसलेले. आत नलिनी खुर्चीच्या टोकावर बसली. डबा मांडीवर.

"बाई, मला खरं सांगा," ती म्हणाली. "मी एकदा बघितलंय सगळं, मला सवय आहे. लिव्हर किती गेलंय?"

"लिव्हर?" बाई म्हणाल्या. "लिव्हर उत्तम आहे."

"मग नाक?"

"तो कातडीचा आजार आहे. दारूचा नाही. यांनी आयुष्यात दारू घेतली असेल असं मला वाटत नाही."

नलिनीने माझ्याकडे बघितलं नाही. पदराचं टोक तिने बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मग हे असं कशाने झालं?"

मी घाईघाईने म्हणालो, "ते मी सावकाश सांगतो. तू आधी चहा घे."

"गव्हाने," बाई म्हणाल्या. त्यांना आमच्या घरातलं काय ठाऊक. "गहू यांना विषासारखा आहे. पोळी, पाव, रवा, सगळं बंद."

"पण यांचं खाणं तर अगदी हलकं..." नलिनी थांबली. तिचा हात आपोआप डब्याच्या झाकणावर गेला. "बाई, आणि खपली?"

"खपली म्हणजे गहूच की. तीही नाही. तुम्ही देत होतात?"

बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली होती, कारण पडद्याला कान नसले तरी पडद्यापलीकडे असतात. नलिनीचा चेहरा लाल होत गेला, गाल, कपाळ, मग नाक, तिचंसुद्धा. मी तिच्या हातावर हात ठेवायला गेलो. तिने डबा टेबलावर आपटला, माझ्याकडे वळली, आणि अख्ख्या मिरजेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अहो, त्यापेक्षा तुम्ही पीत असता तर परवडलं असतं."